कौशीचा भाऊ न्यायला येतोय

डोळा लागू द्यायचा नाही असं ठरवून बसलेय आणि डोळा लागतोय. बालकल्याण समितीच्या ऑफिसबाहेरचा लोखंडी बाक, भर दुपार, साहेब-मॅडम जेवायला गेलेत. पंखा फिरतो पण वारं येत नाही.

शेजारी प्रणिता बसलीय. पंधरा वर्षांची, मांडीवर दप्तर. गेल्या आठवड्यात ती माझ्या फॉल-पिकोच्या दुकानात ड्रेस घेऊन आली. मावशी, बाह्या मनगटापर्यंत लांब करून द्या, म्हणाली. ऐन मे महिना, कुत्री गटारात जाऊन बसतात, आणि हिला लांब बाह्या. मी दार लोटलं आणि म्हटलं, दाखव. बापानं उलथनं तापवून दिलेले डाग, एकाला एक लागून. "भाजी खारट झाली की एक," ती म्हणाली, दुकानातला भाव सांगावा तशी.

ठाण्यातला हवालदार म्हणाला, बाप आहे, शिस्त लावतो. मी म्हटलं, मग तुमच्या साहेबाला सांगा तुम्हाला अशीच शिस्त लावायला. तेव्हा कुठे कागद पुढे सरकला.

आता प्रश्न एवढाच, आज पोरीला कुणाच्या ताब्यात द्यायचं. मामा निघालाय. मामाचं नाव निघालं तसे सगळे सैलावले. आईकडचा माणूस आहे, बरं झालं, असं मॅडम म्हणाल्या. मीसुद्धा हो म्हणून बसलेय.

पंख्याची करकर लांब लांब जाते. बाकाची पलीकडची बाजू जराशी दबते.

कौशी येऊन बसलीय. प्रणिताची आई. तिला जाऊन दोन दिवाळ्या झाल्या.

"चंद्रे, बसल्या जागी घोरतेस. लाज वाटू दे."

"मेलीस तरी तोंड चालूच आहे तुझं."

ती हसते आणि हसता हसता बरगडीखाली हात दाबून धरते. तिथंच दुखायचं तिला. पोटदुखीनं गेली असं सगळं गाव म्हणतं. पोट असं आपोआप दुखत नसतं, हेही सगळ्या गावाला ठाऊक आहे.

"पोरीची काळजी करू नको," मी म्हणते. "तुझा दिगंबर येतोय न्यायला."

ती खिडकीबाहेर बघते. इथं भिंत होती, आता खिडकी आहे, आणि बाहेर बाभळी मागे मागे पळतायत. आम्ही एसटीच्या शेवटच्या सीटवर आहोत. दोघींच्या मधे दिगंबर बसलाय, इस्त्रीचा सदरा, मांडीवर पिशवी, पिशवीतून नारळाची शेंडी वर आलेली. कंडक्टरला सांगतो, "बहिणीला सासरी सोडायला चाललोय." आवाजात केवढा मान.

"माराचं सांगितलंस त्याला?" मी विचारते.

"पाठ दाखवली. रडला गं तो. वहिनीनं हळद लावली, आठ दिवस बसून खायला घातलं. मग म्हणाला, चल, नीट सोडून येतो. एकटी गेलीस तर बरं दिसत नाही."

एसटी थांबलेली नाही आणि आम्ही कौशीच्या दारात उभ्या आहोत. कुणीतरी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतं. तिची ओटी भरलेली, तांदूळ, नारळ, खण. आत तिचा नवरा प्रल्हाद, आंघोळ करून, भांग पाडून. दिगंबर हात जोडतो.

"दाजी, सांभाळून घ्या."

"तुमचीच आहे, मला परकी आहे का?" प्रल्हाद म्हणतो.

दिगंबर चहा पितो. कप स्वतः मोरीत नेऊन ठेवतो. कोपऱ्यावर वळून एकदा हात हलवतो. मग दार लागतं. ओरडणं नाही, काही नाही. नुसता फरशीवर तांदूळ सांडल्याचा आवाज येत राहतो, सांडतच राहतात, एवढे तांदूळ एका ओटीत मावतच नाहीत.

"दरवेळी नवी साडी," कौशी माझ्या कानाशी म्हणते. "रिकाम्या हातानं कधी सोडलं नाही मला. हिरवी, मोरपंखी, ती जांभळी. फॉल कुणी लावला गं सगळ्यांना?"

मी बंद दाराकडे बघते.

"बोल की."

"मी."

"चांगला लावलास. एकही उसवला नाही."

मशीन चालू आहे. आम्ही माझ्या दुकानात आहोत आणि सुईखाली प्रणिताची बाही सरकतेय. मनगट गेलं, बोटं गेली, तरी बाही संपत नाही. टेबलावरून खाली, उंबऱ्यावरून बाहेर, रस्त्याला लागली. मी पाय उचलायला बघते. पाय उचलत नाही.

"थांबव," कौशी म्हणते.

"थांबत नाही."

"हवालदाराला तेवढी बोललीस. दिगूपुढे जीभ का जड झाली?"

"त्यानं काय वाईट केलं, कौशे? चांगला माणूस आहे तो."

"चांगला आहे म्हणूनच तर. वाईट माणसाच्या दारात मी गेलेच नसते."

ती माझा हात धरते. नुसता धरत नाही, आवळते.

"सोड, दुखतंय."

"दुखू दे. त्याला विचारू नको, मॅडमला विचारू नको. तिला विचार."

"मावशी. मावशी, मामा आला."

दिगंबर समोर उभा आहे. कपाळाला गंध, हातात पिशवी, पिशवीतून नव्या ड्रेसचा कोपरा बाहेर. डोळे खरोखर भरलेत. प्रणिताच्या डोक्यावरून हात फिरवतो.

"लेकरा, चल. मी दाजींशी बोललोय. पुन्हा हात लावणार नाही, देवाची शपथ घेतलीय त्यांनी. थोडे दिवस आमच्याकडे राहा, मग मी स्वतः तुला नीट..."

मॅडम हात पुसत येतात. "मामांकडेच द्यायचं ना? या आत."

"थांबा," मी म्हणते. "पोरीला विचारलंय का कुणी?"

सगळे तिच्याकडे बघतात. ती दप्तराच्या पट्ट्याकडे बघते.

"मामा चांगलाय," ती म्हणते. पट्टा बोटाला गुंडाळते. "मम्मीला पण तोच सोडायला यायचा."

दिगंबर ड्रेसचा कोपरा पिशवीत आत ढकलतो. पिशवी खसखसते.

"मामांकडे नाही," मी मॅडमना सांगते. "आज तुमच्या बालगृहात ठेवा. आणि माझ्याकडे ठेवायची तर काय कागद लागतात ते सांगा."

"तुम्ही नात्यानं कोण?"

"कुणी नाही. म्हणून तर परत सोडायला जाणार नाही."

"ताई," दिगंबर म्हणतो, "मला चार लोकांत तोंड दाखवायचंय."

"दाखवा की. तुमच्या तोंडाला कुठे डाग दिलेत?"

मॅडम आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीनं बघतात. "पोरीचं म्हणणं आधी लिहून घेऊ," एवढंच म्हणतात आणि दार उघडून धरतात.

प्रणिता उठते. आत जाता जाता हळूच विचारते, "मावशी, तिथं दाराला कडी आतून असते का?"

मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू. "विचारते," म्हणते.

पर्स उचलायला जाते तर हात चुरचुरतो. मनगटाच्या वर चार नखं रुतलीत, चंद्रकोरीसारखी, एकीत रक्त भरत आलंय. पोरीनंच झोपेतून उठवताना आवळलं असणार. मी तिचा हात हातात घेऊन बघते. सगळी नखं कुरतडून कुरतडून पार मांसात गेलेली. त्या बोटांनी ओरखडासुद्धा उठणार नाही.