बिघाड तारेत होता

दीड महिन्यापूर्वी सकाळी ऑफिसात नुकतीच पोहोचले होते, तेवढ्यात शमुवेलकाकांच्या घरून रूथकाकूंचा फोन आला. "शमुवेल गेले," एवढंच त्या म्हणाल्या. झोपेतच हृदय थांबलं होतं. मी खुर्चीत बसले आणि सगळ्यात आधी मनात आलं ते हे, की मंगळवारी गाडी कोण नेणार... त्या विचाराची मला लाज वाटली. काकांनी मात्र तो अगदी योग्य प्रश्न मानला असता.

शमुवेलकाका मूळचे नगरचे. फरीदाबादच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं मोजमापाची यंत्रं सांभाळली. निवृत्तीनंतर आमच्या कॉलनीतल्या चार घरांनी मिळून घेतलेली डिझेल व्हॅन ते चालवू लागले. माझी आई धरून चार जणांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी दिल्लीला न्यायचं, हे काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात बदरपूरच्या फ्लायओव्हरवर चढताना व्हॅनचा दम गेला. इंजिनाचा दिवा लागला, मागून ट्रक हॉर्न देत राहिले. मेकॅनिकने स्कॅनर लावला. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, पुरेसा दाब देत नाही असं त्यात दिसलं. टर्बोच बदला, असं त्याचं म्हणणं. काका त्याला म्हणाले, "पहले नापो, फिर बदलो." आणि मग घाईघाईत त्यांनी स्वतःच दाब मोजणारा सेन्सर बदलून टाकला. आठवडाभर गाडी अगदी ठीक चालली. मग पुन्हा तेच झालं, आई आत बसलेली असताना. डायलिसिसला दीड तास उशीर झाला. त्या संध्याकाळी काका घरी येऊन आईसमोर उभे राहिले. "वहिनी, चूक माझी आहे. मी मोजलं नाही, अंदाज केला." आईने त्यांना बसायला सांगितलं, पण ते बसले नाहीत.

चौघांसाठी दुसऱ्या गाडीची सोय करून काका तीन दिवस पार्किंगमध्ये त्या व्हॅनशी भिडले. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली, की सेन्सरने बाहेरच्या हवेइतकाच दाब दाखवायला हवा. तो बरोबर होता. हवेच्या पाइपांना साबणाचं पाणी लावून पाहिलं, कुठेही बुडबुडा नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला स्कॅनरसमोर बसवलं आणि दाबाचा आकडा पडला की सांग म्हणाले. स्वतः बॉनेटखाली वाकून सेन्सरकडून निघालेल्या तारा बोटाबोटाने हलवत गेले. बराच वेळ काही नाही. ऊन चढलं होतं. मी कंटाळून म्हटलं, जाऊ द्या काका, टर्बोच बदलून टाकू.

"अजून वीतभर तार राहिली आहे," ते वर न बघता म्हणाले.

त्या वीतभरातच आकडा एकदम खाली आला. "पडला," मी म्हटलं. त्यांनी तारेचा तो भाग उजेडात धरला. लोखंडी पट्टीवर घासून घासून वरचं प्लास्टिक गेलं होतं, आतलं तांबं दिसत होतं. गाडीला हिसका बसला, की ते पट्टीला टेकत असे आणि दाब कमी असल्याचा खोटा आकडा जात असे. सेन्सर बदलताना तार जराशी सरकली होती, म्हणून तेवढा आठवडा बरा गेला. टर्बो ठणठणीत होता, पहिला सेन्सरही.

तार दुरुस्त झाली तरी काकांनी लगेच कुणाला गाडीत घेतलं नाही. चार माणसांच्या वजनाची वाळूची पोती भरून सूरजकुंडच्या चढावर सकाळभर चकरा मारल्या. आजारी माणसं बसवून चाचणी करायची नसते, असं ते म्हणत. त्यानंतर गाडीमुळे आईला कधी उशीर झाला नाही.

त्यांना दफन केलं तो सोमवार होता. मंगळवारी गाडी मीच काढली. आता साहेबांशी बोलून डायलिसिसच्या दोन दिवसांचं ऑफिसचं काम मी इतर दिवशी भरून काढते. काका उंच होते, ड्रायव्हरची सीट त्यांनी पार मागे सरकवून ठेवलेली आहे. सीटखालचा दांडा ओढला की ती पुढे येते, मला ठाऊक आहे. मी पाठीशी दोन उशा घेते, पाय क्लचपर्यंत नीट पोचतात ना ते पाहते, आणि निघते.