उरलेल्या ध्यानांची बारशी

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कुणालाही विचारा. अख्खा रेडिओ खोलायचा, पुन्हा जोडायचा, गाणी खणखणीत वाजायला लागतात, आणि तरी टेबलावर दोन स्क्रू उरतातच! कुठले, ते कळत नाही आणि फेकवतही नाहीत. आमच्या नानाच्या दुकानात अशा स्क्रूंचा एक अख्खा डबा होता. किस्स्यांचंही तसंच झालंय. दुकान कधीच बंद झालं, नाना थकला, पण डबा जरा हलवला की अजून खडखडतो.

तर हे दुकान नगरातलं, बहात्तरचा दुष्काळ पडला त्याच्या आसपासच्या वर्षांतलं. नाना रेडिओ मेकॅनिक. त्याची थोरली बहीण आक्का दुकानामागच्या दोन खोल्यांत राहायची आणि तिच्या चहावर आमचा अड्डा चालायचा. मी शाळेत विज्ञान शिकवायचो आणि शाळा सुटली की इथं येऊन सोल्डरिंग करत बसायचो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणायचे. चौथा बशीरभाई, पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकमागचे मोर, टायरच्या जाहिराती. वीस वर्षं तो लोकांनी सांगितलेलंच रंगवत होता.

नाना एकदा मुंबईला गेला आणि डोक्यात खूळ घेऊन परत आला. तिथं कुठल्याशा हॉटेलात त्यानं विजेवर चालणारा खेळ पाहिला होता. "आपण जत्रेसाठी असला खेळ बनवायचा!" लाकडी खोकं, पुढं काच, काचेवर नऊ चौकोन, प्रत्येकात एक चित्र आणि त्यामागं बल्ब. पंख्याची मोटर फिरणार आणि बल्ब एकामागून एक लागणार. चित्र उजळलं की त्याच क्षणी त्याचं बटण दाबायचं. जमलं तर घंटा!

"चित्रं कसली काढू?" बशीरभाईनं विचारलं.

"काढ की तुझ्या मनानं," नाना म्हणाला.

 असं बशीरभाईला आजवर कुणी म्हटलंच नव्हतं.

*

आठवड्याभरात तो बारा कागद घेऊन हजर! म्हशीचं धड आणि कोंबडीचे पाय. दोन पोटं आणि मधोमध मान. आक्का बघून म्हणाली, "काय एकेक ध्यान हाय!" तेव्हापासून ती सगळी ध्यानंच झाली.

नऊ निवडली, तीन उरली. नाना उरलेल्या कागदांवर कढई ठेवणार, तेवढ्यात बशीरभाईनं त्याचा हात धरला. "नाना, जन्माला घातलीत, आता नाव तरी ठेवा! काचेवर गेली त्यांना लोक बघतील. ह्यांना कोन बघनार?"

झालं, नियम ठरला. काचेवर गेलेल्याला नाव नाही, नाव फक्त उरलेल्याला. आक्कानं घुगऱ्या शिजवल्या. आत्या म्हणून तीच पुढं झाली, पहिला कागद तोंडाजवळ नेला आणि थांबली.

"बशीर, मेल्या, ह्याला कानच काढला न्हाईस! नाव सांगू कुठं?"

बशीरभाईनं तिथल्या तिथं ब्रश घेऊन कान काढला. आक्का त्यात कुजबुजली आणि मग मोठ्यानं म्हणाली, "ठुमकाबाई!" त्या दिवसापासून बशीरभाई आधी कान काढायचा आणि त्याला शोभेल असं अंग नंतर शोधायचा.

*

तेव्हा रेडिओला लायसन लागायचं. ते तपासायला एक साहेब यायचे, सगळीकडं बारीक बघायचे. एका उरलेल्या ध्यानाला सहा डोळे होते आणि तोंड नव्हतं. त्याचं नाव आक्कानं ठेवलं लायसनसाहेब!

आणि नेमके साहेब आले. भिंतीवरच्या त्याच ध्यानापुढं उभे राहिले.  "फार प्रेमळ चेहरा आहे हो," साहेब म्हणाले. "आमच्या धाकट्यासाठी नेऊ का?" नाही कोण म्हणणार? नाव मात्र आम्ही सांगितलं नाही.

महिन्यानं साहेब पुन्हा आले. चेहरा पडलेला. म्हणाले, "पोरगं त्या चित्राला काय म्हणतं माहितीय? पप्पा म्हणतं!"

*

दुष्काळ वाढला. घुगऱ्या परवडेनात, बारशाला आक्का रेशनवरची लाल मिलो ज्वारी शिजवायला लागली. पण बारशी चालूच, कारण नाना रोज काहीतरी बदलायचा आणि बशीरभाई रोज नवं काढायचा.

आक्काची मावसबहीण गयाबाई राळेगणसिद्धीच्या बाजूची. ती रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायची. एकदा नगरला आली असताना तिनं चोचीऐवजी हातोडा असलेलं ध्यान बघितलं. "अगं बया! ही आमच्यात असती तर लई बरं हुतं!" नाव तिनंच ठेवलं, खडीफोडी. कागद घेऊन गेली आणि कामावर जिथं पोरांच्या झोळ्या बांधायच्या, त्या ताडपत्रीखाली लावला.

बाया दिवसभर म्हणायच्या, "खडीफोडी कुठंय? खडीफोडीला पानी दे गं." मुकादम नवा होता. दोन दिवस त्यानं ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी पेन्सिल घेऊन गयाबाईपुढं आला. "ती खडीफोडी कोन हाय, तिचं आडनाव सांगा. हजेरीत लिवायचं ऱ्हायलंय!"

हा किस्सा ऐकून बशीरभाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग म्हणाला, "हिला काचेवर घ्यायला पायजे हुतं." तिचा हातोडा चौकोनात बसत नाही असं मीच म्हणालो होतो. ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत बसला असता.

*

यंत्र तयार झालं. जत्रांत पाळणे लावणारा एक शेठ ते घ्यायला तयार होता, पण आधी लोकांपुढं चालवून दाखवा म्हणाला. म्हणून आम्ही काष्टीच्या आठवडी बाजारात गेलो आणि एका पिठाच्या गिरणीतून वायर ओढली.

गिरणी सुरू झाली की आमचे बल्ब मंद! ध्यानं नीट दिसेनात. बैलबाजारातून आलेला एक म्हातारा शेतकरी काचेला नाक लावून बघत होता.

"दात किती?" त्यानं विचारलं.

"दोन दाती," बशीरभाई म्हणाला.

"चालतंय कसं?"

"उताराला जरा बिचकतं."

म्हाताऱ्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि बैलबाजारातल्यासारखा बशीरभाईचा हात टॉवेलाखाली घेतला. बोटांनी भाव सुरू! भोवती ही गर्दी जमली. बशीरभाई मान हलवतोय, म्हातारा बोटं दाबतोय. शेवटी म्हातारा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, जनावर चांगलं हाय, पन आमच्या गोठ्यात चारा न्हाई." बशीरभाईचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

त्याच वेळी शेठ माझ्या कानाशी लागला होता. "मास्तर, गिऱ्हाईक वाघ ओळखतं. हे काय ओळखनार? वाघ टाका, हत्ती टाका, मग नेतो."

मी म्हणालो, "बदलू." वायरिंग माझं होतं, घंटा माझी होती. मला यंत्र जत्रेत गेलेलं बघायचं होतं. टॉवेलाखाली अजून हात होता त्या माणसाला मी विचारलंदेखील नाही.

*

नऊच्या नऊ ध्यानं ब्लेडनं खरवडली. आठ चौकोनांत वाघ, सिंह, हत्ती, घोडा, हरीण, माकड, अस्वल, मगर, सगळं बशीरभाईनंच मुकाट्यानं रंगवलं. खरवडलेल्यांचे मूळ कागद होते म्हणून त्या दिवशी एकदम नऊ बारशी झाली. आक्काला नावं सुचेनात.

नववा चौकोन उजव्या हाताचा, खालचा. बशीरभाई म्हणाला, "मास्तर, हा कोपरा मला ऱ्हाऊ द्या. एकच." मी हो म्हटलं. मग त्यानं कागदावर न काढता थेट काचेवर एक ध्यान काढलं. एवढंसं अंग आणि अंगापेक्षा मोठा कान. आक्का म्हणाली, "ह्याला काय नाव ठिवायचं?"

"ह्याला न्हाई, आक्का," बशीरभाई म्हणाला. "हे काचेवर हाय. बिननावाचं ऱ्हायलं म्हंजे जितलं!"

शुक्रवारी दुपारी शेठचा टेम्पो आला. बशीरभाई जुम्म्याच्या नमाजाला गेला होता. शेठनं काच बघितली, कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे ऱ्हायलं की." नानानं माझ्याकडं बघितलं. अर्धा तास थांबा, एवढंच शेठला सांगायचं होतं. मी ब्लेड घेतलं. कॅलेंडरवरचा पोपट कापून तिथं चिकटवला आणि टेम्पो गेला.

बशीरभाई आला तेव्हा डोक्यावर टोपी तशीच होती. टेबलावर रंगाचे पापुद्रे पडले होते. त्यातल्या एकाला त्यानं बोट लावलं, ते बोटाला चिकटून आलं.  आक्का दारात उभी होती.

"आता ह्याचं बी बारसं करायला पायजे," ती म्हणाली. "पन सांगू कुनाच्या कानात?"

यंत्र दोन जत्रा चाललं. दुसऱ्या जत्रेत मोटर जळाली आणि शेठनं त्या खोक्यात चहाचे कप ठेवायला सुरुवात केली, असं ऐकलं. त्याचं मला काही वाटलं नाही. त्या कोपऱ्याचं मात्र इतक्या वर्षांनी अजून वाईट वाटतं.

*

दिवाळीनंतर बशीरभाई सुरतेला भावाकडं निघाला. तिकडं पाट्यांचं काम भरपूर होतं. त्यानंतर तो नगरला परत आला नाही आणि आमची भेटही झाली नाही, म्हणून हा किस्सा शेवटचा.

जायच्या दिवशी तो ट्रंक घेऊन दुकानात आला. बाहेर टांगा उभा. आक्कानं चहा ठेवला. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढून तिच्या हातात दिला. तिनं उलगडला. कागदावर फक्त एक कान होता. मोठा, नीट रंगवलेला. बाकी सगळा कागद कोरा.

"अंग कुठंय ह्याचं?" आक्कानं विचारलं.

"ते गेलं, आक्का. कान तेवढा ऱ्हायला."

आक्कानं सवयीनं कागद तोंडाजवळ नेला. मग खाली घेतला आणि माझ्यापुढं धरला. "हे आत्याचं काम न्हाई. तू बोल."

नानानं रेडिओ बारीक केला. मी कागद हातात घेतला, कानाजवळ तोंड नेलं. "अरे, मी..." एवढं आलं आणि पुढचं येईना. टांगेवाला बाहेरून हाका मारत होता. चहावर साय धरली. मी तसाच वाकून उभा.

बशीरभाईनं ट्रंक उचलली. दुसऱ्या हातानं तो कागद त्यानं हळूच माझ्या छातीशी लावला.

"घाई न्हाई, मास्तर," तो म्हणाला. "ऐकतंय ते."