गहिनीनाथाचं सील

सोनईत कुणाच्या घरी काय शिजतंय ते मला वासावरून कळतं. गहिनीनाथाला मात्र स्वतःच्या घरचं झाकण उघडून, आत डोकावूनही खात्री पटत नाही. वर बायकोला, मालनबाईला विचारणार, "ही भाजी आजचीच का कालची?" ती माउली जन्मभर उत्तर देत आलीय.

त्याची रीत एकच: कुणावर विश्वास ठेवायचा नाही. विहिरीवरची मोटार रिवायंडिंगला टाकली की आपण चहाला जातो. हा दुकानातच पोतं टाकून बसतो, आतली तांब्याची तार काढून ॲल्युमिनियमची भरतील म्हणून. काम झालं की झाकणाच्या फटीवर चंदेरी पत्र्याची चिकटपट्टी लावतो आणि तिच्यावर बॉलपेननं सही ठोकतो. पट्टी फाटली तर समजायचं, कुणीतरी आत हात घातला. इंजिनाला पट्टी, कांदाचाळीच्या कुलपाला पट्टी, घरच्या फ्रीजच्या पाठीला पट्टी. गावात तिला 'गहिनीनाथाचं सील' म्हणतात.

अशा घरात सून आली सायली, तीही घरबसल्या नोकरी करणारी. नगरच्या एका कंपनीचे ग्राहक तिला फोन करायचे, ती लॅपटॉपवर त्यांचं गाऱ्हाणं उतरवून घ्यायची. लॅपटॉप जुना, कुठल्याशा कचेरीनं वायफायचं कार्ड आणि अँटेना काढून विकलेला. त्यामुळे इंटरनेटच्या डब्याला वायर जोडून ओसरीवरच बसावं लागे. आणि ओसरीवर कोण? गहिनीनाथ, कांद्याच्या व्यापाऱ्याशी भांडत. ग्राहक विचारायचे, "मॅडम, तुमच्याकडं मारामारी चालू आहे का?"

शेवटी साहेबानं बजावलं: सोमवारपासून शांत खोलीत बसा, नाहीतर रोज नगरच्या ऑफिसात या. रोज जाणं-येणं परवडणारं नव्हतं. म्हणजे नगरला खोली करायची, तिच्या नवऱ्यानं, सुनीलनं, कारखान्यातली नोकरी सोडायची, आणि घरात उरायचे म्हातारा-म्हातारी.

शांत खोली एकच, माडीवरची. लांब वायर टाकून बघितली, तर मालनबाई पाय अडकून चहासकट जिन्यावर बसली. मग सायलीनं बाहेरून खोचायचं छोटं वायफाय आणलं. ते गहिनीनाथानं उपटून कपाटात कुलूपबंद केलं आणि चावी कुठं ठेवली ते विसरला.

"भाईर लोंबतंय ते. कुनीबी नेईल," तो म्हणाला. "बसवायचं तर आतून बसवा."

"नाना, आतूनच बसवते. दुरुस्तीवाल्या रेश्माताईला विचारलंय," सायली म्हणाली.

मी तिथंच होतो. सून गेल्यावर सहज म्हणालो, "गहिन्या, माडीवर दार लावून बसायची एवढी हौस? का नगरची खोली आधीच बघून ठेवलीय?"

तो मिशीचं टोक चावायला लागला, तेव्हा मला कळलं की बी रुजलं.

शनिवारी बाजारपेठेतल्या रेश्माच्या दुकानात तो पोत्यासकट हजर. रेश्मानं लॅपटॉप उलटा करून खोलला. निघालेला प्रत्येक स्क्रू यानं स्वतःच्या रुमालावर मांडून घेतला. कार्ड बसलं नखाएवढ्या जागेत. मग तिनं स्क्रीनची चौकट सोडवली, दोन बारीक तारा बिजागरीतून वर नेल्या आणि अँटेनाच्या पट्ट्या स्क्रीनच्या वरच्या कडेला आत चिकटवल्या.

"कार्ड खाली, तारा वर? आरशामागं काय लपवती गं?"

"नाना, अँटेना उंच असली की रेंज चांगली धरती."

"कुनाची रेंज? आमचं बोलनं तर न्हाई ना ऐकत ती?"

"तुमचं बोलणं ऐकायला अँटेना कशाला? इथून घोडेगावापर्यंत ऐकू जातं."

दुकानात वायफाय झकास चाललं. सायली हसत घरी आली.

रविवारी सकाळी माडीवर बसून तिनं सोमवारची तालीम केली. वायफाय सापडेचना. लॅपटॉप डब्याजवळ आणला की रेंजची एखादी काडी उमटायची, जिना चढला की गायब. तिचे डोळे भरले. सुनील म्हणाला, "नगरला खोली बघतो मग."

गहिनीनाथ उठलाच, माझ्याकडं वळला. "बघ सहाद्या! दुकानात चालतंय, घरात न्हाई. सुनेनं अन् त्या पोरीनं ठरवून केलंय. नगरला जायाला निमित्त पायजे हुतं!"

सायलीनं ऐकलं. रडायची थांबली. "चला दुकानात," एवढंच म्हणाली. मीही निघालो, असला तमाशा चुकवला तर माणसानं जगायचं कशाला?

दुकानात गहिनीनाथानं लॅपटॉप टेबलावर ठेवला. "कार्ड बदललंस काय गं? जुनं घातलंस?"

रेश्मानं झाकणाच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं. तिथं ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चंदेरी पट्टी होती. वर सही. त्या घरात प्रत्येक वस्तूला पट्टी, त्यामुळे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

"हे कुणी लावलं?"

"मी. काल सांजच्याला. सील हाय ते. तू पुन्हा आत हात घालू नयेस म्हून."

"नाना, अँटेना बरोब्बर हिच्याखाली हाय. तुमी तिला पत्र्याच्या खोलीत कोंडलीय."

"पट्टीला हात लावायचा न्हाई!"

तेव्हा सायली पुढं झाली. "मी लावते हात. सही तुमची, पण नोकरी माझी हाय. मला नगरला जायचं असतं ना नाना, तर मी ही पट्टी तशीच राहू दिली असती."

तिनं पट्टी ओढली. टर्रकन आवाज झाला आणि स्क्रीनवर रेंजच्या काड्या एकेक करत पूर्ण भरल्या. गहिनीनाथानं त्या काड्या बोटानं मोजल्या. मग रुमालानं मान पुसली आणि निघालेली पट्टी घडी घालून खिशात ठेवली.

सोमवारी मी मुद्दाम गेलो. माडीचं दार बंद, वरून सायलीचा गोड आवाज. जिन्याच्या खालच्या पायरीवर गहिनीनाथ. कांद्याचा व्यापारी आला, तर हा भाव कुजबुजत करत होता! व्यापारी घाबरला, त्याला वाटलं, काहीतरी डाव आहे.

मी हळूच विचारलं, "काय, बसला का विश्वास?"

"सुनेवर बसला," तो पुटपुटला. "तुज्यावर न्हाई. नगरच्या खोलीचं खूळ माज्या डोक्यात कुनी घातलं?"

आणि मी उठायच्या आत त्यानं माझी तंबाखूची डबी उचलली, त्याच पट्टीचा तुकडा झाकणावर चिकटवला आणि खाली सही केली.