थेंबकाका आणि एकशे एकतीस फायली

आमच्या इमारतीत कोणाचा कॉम्प्युटर रुसला की पहिली हाक थेंबकाकांना जायची. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांनी चौतीस वर्षं कंपाउंडरकी केली. "वर बघा, पंख्याकडे," असं म्हणायचे, आणि आपण पंखा शोधेपर्यंत डोळ्यात थेंब पडलेला असायचा. रडणारं पोरसुद्धा त्यांच्याकडून हसत परतायचं. नाव पडलं ते तिथे.

दवाखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा काका अठ्ठावन्न वर्षांचे होते. डॉक्टर त्याला घाबरले, हे घाबरले नाहीत. निवृत्तीनंतर त्यांनी एक वही केली आणि घरी कॉम्प्युटर वापरणाऱ्यांना उपयोगी पडतील अशा वेबसाइटींचे पत्ते तीत लिहायला सुरुवात केली. मथळे दवाखान्यातले होते: ताप, अपचन, विस्मरण, किरकोळ. तापाखाली व्हायरसवरचे उपाय. त्यात एक जागा अशी होती, की संशय आलेली फाइल तिथे दिली की पन्नास-साठ कंपन्यांचे प्रोग्राम ती एकदम तपासून देत. काका म्हणत, "बाई, साठ डॉक्टरांची एक ओपीडी, आणि नंबर लावायला नको." अपचन म्हणजे भरलेली डिस्क. विस्मरणात पासवर्डची दुखणी. आपला पासवर्ड कुठल्या चोरीत बाहेर पडलाय का, हे सांगणारी जागाही त्यातच. बंद पडलेल्या कंपन्यांच्या प्रिंटरची माहितीपुस्तकं कुठे फुकट मिळतात, ते किरकोळमध्ये. माझा पेन्शनचा फॉर्म फार जड आहे म्हणून सरकारी साइट घेत नव्हती. काकांनी तो कुठल्याशा जागी नेऊन मिनिटात हलका करून दिला, वर चहासुद्धा घेतला नाही.

त्यांचा एक नियम सगळ्या इमारतीला पाठ होता. "पानावर मोठं हिरवं बटण दिसलं की समजायचं, ते आपलं नाही. आपलं असतं ते बारीक अक्षरात, खाली, कोपऱ्यात. भला माणूस ओरडत नाही."

काका एकटे. त्यांच्या खालच्या मजल्यावर थोरले भाऊ आणि वहिनी. भावाला सगळे दादाच म्हणत. दादा पोस्टात होते. त्यांच्याकडे एका पत्र्याच्या डब्यात घराण्याचे सगळे फोटो होते. मागच्या तीन पिढ्यांतलं कोण कुठे उभं आहे, हे सांगू शकणारा माणूस तेवढा एकच उरला होता. आणि त्या माणसाला विसर पडू लागला होता. आधी चष्मा, मग रस्ता, मग आठवड्याचे वार. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "विचारायचं ते आत्ता विचारून घ्या."

काकांनी दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. रोज सकाळी एक फोटो. दादांच्या कॉम्प्युटरला माइक लावायचा, फोटो समोर धरायचा आणि विचारायचं, "दादा, ही कोण?" दादा सांगत. नुसतं नाव नाही, ती कोणाची कोण, कशाने गेली, रुसली की कुठे जाऊन बसायची, सगळं. फोटोच्या मागे काका पेन्सिलीने आकडा घालत, आणि तोच आकडा आवाजाच्या फायलीला देत.

"नावं लिहून ठेवू का मागे?" काकांनी एकदा विचारलं.

"कशाला? मी सांगतोय ना," दादा म्हणाले. "तुझं अक्षर डॉक्टरांना लागायचं नाही, पोरांना काय लागणार?"

अशा एकशे एकतीस फायली झाल्या. त्यानंतर दादांनी फोटो ओळखणं थांबवलं.

वहिनींना घर लख्ख लागतं. कॉम्प्युटर शिकतानाही त्या पहिली गोष्ट शिकल्या ती पडद्यावरची कचऱ्याची बादली रिकामी करणं. "कचरा रोजच्या रोज गेला पाहिजे," म्हणत त्या ती रोज रिकामी करत. एका मंगळवारी पडदा पुसताना, म्हणजे त्यावरची चित्रं आवरताना, त्यांच्या हातून तो फायलींचा फोल्डर बादलीत गेला. त्यांना कळलंही नाही. बादली रिकामी झाली. बुधवारी काका आले, तर फोल्डर नाही.

"भाऊजी, मी घालवलं का हो?"

"गेलेलं नाहीये, वहिनी. थांबा. असं काही लगेच जात नसतं."

हे ते खरं बोलले, हेच पुढे त्यांना फार लागलं.

वही वरच राहिली होती. काकांनी त्याच कॉम्प्युटरवर शोधलं. एक चांगली, प्रामाणिक जागा सापडली. हिरवं बटणही नव्हतं. पुसलेल्या फायली परत आणणारा प्रोग्राम, तीन पायऱ्या. उतरवा, बसवा, शोधा. वहिनी खुर्चीच्या मागे उभ्या. "आले का? भाऊजी, दिसतात का?" आत दादा विचारत होते, "कोण आलंय गं?" काकांनी तीन पायऱ्या पाळल्या. यादी आली. एकशे एकतीसच्या एकशे एकतीस. वहिनींनी टाळी वाजवली. कुठे ठेवू, असं प्रोग्रामने विचारलं, आणि काकांनी जी जागा आपोआप समोर आली तिथेच, त्याच डिस्कवर, त्या ठेवल्या.

मग उघडून पाहिल्या. पहिली उघडली नाही. दुसरी खरखरली. दहाव्या फायलीत अर्धं मिनिट कुठलंसं शीळ घालणं, नंतर काही नाही.

काकांनी डिस्क काढून बाजारातल्या दुरुस्तीवालीकडे नेली. मुलगी पंचविशीची, बोलायला फटकळ, कामाला चोख. तिने दोन दिवस घेतले. मग काकांना आत बोलावून स्टूल दिलं.

"काका, यात नंतर कोणी काही टाकलं का?"

"मीच. तो प्रोग्राम."

"ह्याच डिस्कवर?"

"ह्याच."

तिने फटकळपणा बाजूला ठेवला, असं काका म्हणाले. "कसं सांगू तुम्हाला? दवाखान्यात पेशंटचे कागद असतात ना खणात? फाइल पुसली म्हणजे नुसतं खणावरचं नाव काढलं. कागद आतच असतात. पण नाव नाही म्हटल्यावर तो खण रिकामा धरला जातो. तुम्ही प्रोग्राम बसवलात, तो त्याच खणांत जाऊन बसला. मग सापडलेल्या फायलीही तिथेच ठेवल्यात. आधी मशीन बंद केलं असतं, तर..." तिने पाण्याची बाटली पुढे केली. "जाऊ द्या. पाणी घेता?"

घरी येऊन काकांनी ते पान पुन्हा उघडलं. तिसऱ्या पायरीच्या खाली, बारीक अक्षरात, कोपऱ्यात लिहिलेलं होतं: ज्या डिस्कवरून फायली गेल्या, तिच्यावर हा प्रोग्राम बसवू नये, सापडलेल्या फायलीही तिच्यावर ठेवू नयेत. पाच रुपयांच्या मलमावरची मुदत दोनदा वाचणारा हा माणूस. त्यांनी खाली जाऊन पाहिलंच नव्हतं.

दुरुस्तीवालीला एकच फाइल धड मिळाली, घरी उघडली नव्हती ती पहिलीच. तीत फोटोबद्दल काही नाही. तीत दादा म्हणतात, "चालू झालं का?" काका म्हणतात, "झालं, बोल." "दिवा कुठे लागलाय?" "दिवा नसतो रे याला." "मग कशावरून चालू आहे?" "दादा, तू बोल तर." "तुला लहानपणापासून घाई." मग खोकला. संपलं.

आता उरलं होतं ते वहिनींना सांगणं. त्या भेटेल त्याला म्हणत होत्या, "मीच घालवलं सगळं. माझी झाडूची सवय." माझ्याकडे येऊन तासभर रडल्या. काकांना हे ऐकवेना. आठवडाभर ते खाली जाताना जिन्यात थांबत, हे मी माझ्या दारातून पाहिलं आहे. शेवटी एका दुपारी, दादा झोपलेले असताना, त्यांनी सांगितलं. सगळं, खणासकट.

वहिनींनी हातातला झाडू भिंतीला टेकवला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी टाकलं तेव्हा होतं."

"होतं."

"सगळ्या जगाला फायली दोन-दोन ठिकाणी ठेवा म्हणून सांगता. माझ्या बहिणीला सांगितलंत. शेजारच्या बाईंना सांगितलंत. तुमच्या दादाचं मात्र एकाच ठिकाणी?"

"रोज येत होतो ना, वहिनी. वाटलं, आहेच."

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," वहिनी म्हणाल्या आणि पुढचं न बोलता आत गेल्या.

तीन आठवडे त्यांनी काकांशी अबोला धरला. जेवणाचा डबा मात्र वेळेवर वर जात होता, दाराबाहेर ठेवलेला. एके दिवशी त्यांनीच निरोप धाडला, "म्हणावं, हे ऐकत नाहीत, गोळी घेत नाहीत, जरा येऊन बसा." काका गेले. दादांना गोळी दिली. वेळ जावा म्हणून फोटोंचा डबा काढला आणि एक फोटो पुढे धरला. विहिरीच्या काठावर हात कमरेवर ठेवून उभी असलेली एक बाई. मागे आकडा सत्तेचाळीस.

"दादा, ही कोण?"

दादांचा चेहरा उजळला. "ही? आपली धाकटी आत्या. विसरलास? सासरहून पळून आली होती."

काकांनी पेन्सिल काढली आणि आकड्याखाली लिहिलं: धाकटी आत्या. वहिनीही दारात येऊन उभ्या राहिल्या. चार दिवसांनी काकांनी तोच फोटो पुन्हा दाखवला. दादा म्हणाले, "शेजारची. शिवण शिवायची." पुढच्या आठवड्यात म्हणाले, "आई." आणि परवा, बराच वेळ पाहून, काकांनाच विचारलं, "कोण रे ही? तुला माहीत असेल."

काका सगळं लिहून घेतात, तारखेसकट. वहिनी म्हणाल्या, "अहो भाऊजी, यातलं खरं कुठलं धरायचं?"

"मला नाही माहीत, वहिनी," काका म्हणाले, आणि पुढचा फोटो काढला.