दाजींच्या लेकीचं नाव

सिंगापूर पाहून आलेले पुष्कळ आहेत. मी घरातला कॉलेजात जाणारा पहिलाच. प्रवासाबद्दल लिहायचा मला किती अधिकार, ठाऊक नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

ताईच्या बाळंतपणात हाताशी कुणीतरी हवं, म्हणून सुट्टीत मी गेलो. क्लेमेंटीतल्या सगळ्या इमारती सारख्या. पहिल्याच दिवशी दोनदा परक्या दारात उभा राहिलो. दाजी जहाजावर इंजिनीअर. इंजिनरूमच्या आगीतून त्यांना एका रशियन सोबत्यानं ओढून बाहेर काढलं होतं. म्हणून मुलीला त्याच्या मुलखातलं नाव द्यायचं, असा त्यांचा निरोप होता. पण बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या, म्हणजे दाजींच्या बहीण सुमनआक्का, कऱ्हाडला. त्या फोनवरून सांगणार. आम्ही रिसीव्हर बाळाच्या कानाला लावायचा. अट एकच.

"अर्थ कळल्याशिवाय मी नाव उच्चारायची नाही. तू शिकलेला ना? शोध."

खालच्या मजल्यावर मिलेना नावाची, रशियन जाणणारी बल्गेरियन संशोधक राहायची. हॉकर सेंटरमध्ये (खाण्याच्या गाळ्यांचं आवार) कोपी (घट्ट गोड दुधाची कॉफी) घेताना तिला गाठलं.

"इरिना?"

"ग्रीक. शांती."

"येकातेरिना?"

"तेही ग्रीकांकडून आलेलं."

"नताल्या?"

"लॅटिन. जन्माचा दिवस."

"अहो, तुमचं स्वतःचं काही आहे की नाही?"

ती हसली. "ल्युदमिला, लोकांची लाडकी. स्नेझाना, बर्फाची. वेरा, विश्वास."

संध्याकाळी फोन लावला.

"ल्युद... काय? माझी जीभ अडकते रे."

"स्नेझाना?"

मागून ताई ओरडली, "इथं घामानं जीव जातोय, आणि बर्फ कसला!"

"मग वेरा. म्हणजे विश्वास."

"अरे देवा! ते आमच्या थोरल्या दिरांचं नाव. मी ते कधी तोंडानं घेते का?"

रोज हेच. मी अर्थ गोळा करायचे, आक्कांनी मोडीत काढायचे. "पोरीला जन्मभर बाळच म्हणायचं का रे?" ताई एकदा रडवेली होऊन म्हणाली. सुट्टी संपली आणि बाळाला बिननावाचं सोडून मी परतलो. एवढं शिकून, एवढं फिरून एक नाव आणता आलं नाही, हे विमानात सारखं टोचत होतं.

परवा सुमनआक्का पेढे घेऊन घरी आल्या. दाजींचं जहाज सिंगापूरला लागलं होतं, फोन झाला होता.

"वेरा ठेवलं," त्या म्हणाल्या.

मी कपाळावर हात मारला. "आणि तुमचे दीर? अर्थ?"

"अर्थ काय घेऊन बसलास? माझ्या दादाला ज्यानं आगीतून ओढून काढलं ना, त्या माणसाच्या आईचं नाव आहे ते."