उजवीकडची खिडकी

स्वारगेटला पानशेतची बस पुरती थांबायच्या आतच त्या काकूंनी उजवीकडच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. साठी ओलांडलेली, पण पायांत कॅनव्हासचे बूट आणि चाल तुरुतुरु. आत एक गृहस्थ रुमाल सरकवून ऐसपैस बसले होते. काकू म्हणाल्या, "अहो, तो मी वाळत घातलेला नाही." गृहस्थ मुकाट उठले.

मी शेजारी टेकले. अमरावतीहून नोकरीसाठी पुण्यात येऊन वर्ष झालं होतं आणि ही माझी पहिलीच सहल, तीही एकटीची. सकाळपासून नुसती उड्या मारत होते.

"धरण बघायला पहिल्यांदाच का गं?"

मी हो म्हणताच त्या उठल्या आणि भांडून मिळवलेली खिडकी त्यांनी मला देऊन टाकली. मी "नको, नको" म्हणेपर्यंत माझ्या जागेवर बसल्यासुद्धा.

खडकवासला आलं. दुकानं संपली आणि एकदम पाणीच पाणी! थेट पलीकडच्या डोंगरापर्यंत. "अगं बाई, काकू, बघा ना!" म्हणत मी त्यांचा दंडच धरला.

काकू पाण्याकडे बघतच नव्हत्या. हनुवटीला हात लावून त्या माझ्याकडे बघत होत्या.

"दर रविवारी येते मी," त्या म्हणाल्या. "पाणी काय, तिथंच असतं. पहिल्यांदा बघणाऱ्याचं तोंड मात्र दर वेळी नवं."

गेल्या रविवारी गावाहून आई आली होती. मी रुमाल टाकून तिला खिडकी मिळवून दिली. त्या दिवशी पाणी कसं दिसत होतं, ते मला विचारू नका.