तीन पुस्तकं आणि एक गाठोडं

माझ्या नाकावर राग असतो, हे मला लग्नाच्या आधीपासून ठाऊक आहे. त्या रागापायी मी कपबश्या फोडल्या, दोन मैत्रिणी गमावल्या, त्याचं काही नाही. पण एकदा त्याच रागापायी माझ्या मुलीची शाळा जाता जाता राहिली. आणि हे सगळं सुरू झालं ते इतिहासाच्या पुस्तकावरून.

साठ सालाच्या आसपास आम्ही, पिढ्यान्‌पिढ्या कर्नाटकात राहिलेली मराठी माणसं, पेटेतलं, म्हणजे शहराच्या जुन्या बाजारपेठेतलं, भाड्याचं घर सोडून राजाजीनगरात राहायला आलो. तेव्हा तिथे घरांपेक्षा प्लॉटचे नंबर घातलेले दगडच जास्त होते. रस्ते लाल मातीचे, दिवसातून मोजून चार बसेस, आणि मुलींचं मिडलस्कूल पार पेटेत. आमची मुलगी तेव्हा अकराची. माझे सासरे, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. "मुलगी बसमधून एकटी जाणार नाही," ते म्हणाले, आणि विषय संपला. नवरा सर्व्हे खात्यात, महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. त्यामुळे घरात अण्णांचा शब्द शेवटचा.

मी मात्र विषय संपू दिला नाही. दोन वर्षांनी चालत जाण्याच्या अंतरावर मुलींचं हायस्कूल उघडणार होतं. तोवर मी तिला घरी शिकवीन, मग ती आठवीच्या प्रवेशाची परीक्षा देईल, असं मी म्हटलं. अण्णांनी बराच वेळ पानाला चुना लावला. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. पण इतिहास मी तपासणार. इतिहासात नापास झाली तर घरी बसेल, मग पुढचं बघू."

पुढचं म्हणजे स्थळं. तेराव्या वर्षी! माझी आई चौदाव्या वर्षी सासरी गेली होती आणि जन्मभर माझी पुस्तकं उलटी-सुलटी धरून बघायची. मला नुसत्या विचाराने धडकी भरली.

शेजारी एक कन्नड कुटुंब होतं. त्यांचीही मुलगी आमच्या मुलीएवढीच, आणि तीही घरीच. तिची आई मला अक्का म्हणायची, मी तिला अक्का म्हणायची, कोण मोठी हे आम्ही कधी विचारलं नाही. गणित आणि कन्नड तिने घ्यायचं, इंग्रजी आणि इतिहास मी, अशी वाटणी झाली. शाळा भरायची आमच्या मागच्या पडवीत, सकाळचा स्वयंपाक आवरला की.

आता पुस्तक कुठलं? अण्णांनी पुण्याहून पोस्टाने एक जाडजूड मराठी पुस्तक मागवलं. शेजारणीने तिच्या भावाचं जुनं कन्नड पुस्तक दिलं. आणि मी अव्हेन्यू रोडवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक इंग्रजी पुस्तक घासाघीस करून आणलं, कारण त्यात नकाशे रंगीत होते. वाटलं, तीन घेतली, त्यातलं चांगलं निवडू.

पहिल्याच आठवड्यात पंचाईत झाली. मराठी पुस्तकात लिहिलं होतं की आपल्या फौजांनी कर्नाटकात मोठी मोहीम काढून खंडणी वसूल केली. कन्नड पुस्तकात त्याच मोहिमेबद्दल होतं की शत्रूने गावं लुटली, रयत रानात पळाली. आणि इंग्रजी पुस्तकाचं म्हणणं असं, की ही मंडळी आपसात भांडतच होती, बरं झालं साहेब आला. तिन्ही पुस्तकं माझ्या पुढ्यात उघडी आणि दोन्ही पोरी माझ्या तोंडाकडे बघतायत.

"आई, यातले आपण कुठले?" माझ्या मुलीने विचारलं.

मी काही बोलायच्या आत शेजारची पोर म्हणाली, "तुम्ही लुटणारे. आमच्या अज्जीच्या गावात जमिनीखाली धान्याचं पेव आहे. मराठ्यांचे घोडे आले की गावातले लोक त्याच्यावर गुरं बांधायचे, म्हणजे दिसू नये. अज्जी अजून सांगते."

"मग सापडलं का घोडेवाल्यांना?"

"एकदा सापडलं. सगळी नाचणी नेली."

दुपारी मी पाहते तर नाचणीचा डबा उघडा आणि मुलगी भांडं भरून शेजारी निघालेली. कुठे, विचारलं तर म्हणाली, "परत द्यायला." शेजारीण हसून हसून दाराला टेकली. तिने ती नाचणी ठेवून घेतली, आणि संध्याकाळी त्यातल्याच पिठाची आंबील करून आमच्याकडे पाठवली. अण्णांना ती फार आवडली. कुठून आली ते कळल्यावर मात्र त्यांनी वाटी खाली ठेवली.

"आपण फौजेबरोबर आलेली माणसं," ते कडाडले. "तीनशे वर्षं झाली. आणि ही पोर खंडणी परत करत फिरते!"

त्यांचा सगळा अभिमान देवघराच्या वरच्या फळीवर होता. तिथे लाल कापडात गुंडाळलेलं हातभर लांबीचं एक गाठोडं होतं. आमच्या मूळ पुरुषाची लढाईत मोडलेली तलवार. दर खंडेनवमीला ते खाली यायचं, अण्णा वरून हळदकुंकू लावायचे, फूल वाहायचे आणि पुन्हा फळीवर ठेवायचे. उघडायचं नाही. शस्त्र उघडं केलं की रक्त मागतं, असं ते सांगायचे. मी सून होऊन आले तेव्हापासून बारा-तेरा वर्षं त्या गाठोड्याला नमस्कार करत आले होते, आत काय आहे हे विचारायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

पुस्तक निवडणं मी शेवटी सोडून दिलं. पोरींना सांगितलं, प्रत्येक धडा तिन्ही पुस्तकांतून वाचायचा, तीन रकाने आखून कोण काय म्हणतं ते लिहायचं, आणि चौथ्या रकान्यात आपण डोळ्यांनी काय पाहिलं ते. चौथा रकाना पोरींना फार आवडला. किल्ल्याचं दार, तळ्याकाठचा वीरगळ, देवळाच्या पायरीवरची अक्षरं बघायला रविवारी नवरा घरी असला की आमची वरात निघायची. अण्णा वह्या तपासायचे, लाल पेन्सिलीने "आपली फौज" असं दुरुस्त करायचे. शेजारची पोर घरी जाऊन ते खोडायची. पण अण्णा वाचायचे मन लावून, हे मी बघत होते.

आणि एके दिवशी माझ्या मुलीने स्वतःच्या घराचा धडा लिहिला. पहिल्या रकान्यात अज्जा, म्हणजे अण्णा, काय म्हणतात. चौथ्या रकान्यात: "तलवार पाहिलेली नाही."

अण्णांनी ते वाचलं आणि वही मिटून ठेवली.

खंडेनवमीला शेजारची मंडळी आमच्याकडे होती. त्यांच्याकडे आयुधपूजेला विळा, कुदळ, शिवणाचं मशीन, सगळ्याला फुलं असतात, ती पूजा उरकून आली होती. गाठोडं खाली आलं. माझ्या मुलीने सगळ्यांदेखत विचारलं, "अज्जा, आज एकदा बघू?"

"नाही."

"स्वल्प? थोडंसंच?"

"एकदा सांगितलं ना! हे सगळं तुझ्या आईनं शिकवलेलं. बायकांच्या हाती इतिहास दिला की असं होतं."

एवढंच पुरे झालं. मी पुढे झाले आणि गाठ सोडली. हो, मीच. पोरीने नाही. एकावर एक तीन कापडं होती, आणि आत होती शिंप्याची मोठी कातर.

काळी, जड, दोन्ही पाती लखलखीत, गंजाचा ठिपका नाही. मशीनच्या तेलाचा वास आला. तो वास का यावा, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी जिंकल्याच्या तोऱ्यात होते.

पुढच्याच क्षणी अण्णांचा चेहरा पाहिला आणि तोरा उतरला. त्यांचं वय एकदम दिसायला लागलं होतं. शेजारीण बिचारी सांभाळून घ्यायला म्हणाली, "आमच्यात नांगराची पण पूजा होते, त्यात काय!" अण्णांनी कातर कापडात गुंडाळली, गाठ मारली, फळीवर ठेवली आणि खोलीत गेले. मला फार लाज वाटली.

तेव्हापासून अण्णा माझ्याशी बोलेनात. वह्या तपासणं बंद. मी दोनदा क्षमा मागितली, दोन्ही वेळा ते वर्तमानपत्र वाचत राहिले. मुलीच्या शाळेचं ते हो म्हणेनात, नाही म्हणेनात. पडवीतली शाळा मी चालूच ठेवली, पण आता रोज वाटायचं, हिची परीक्षा मीच घालवली. प्रवेशाच्या अर्जावर पालकाची सही हवी होती आणि नवरा तेव्हा नेमका फिरतीवर. मी अर्ज अण्णांच्या चष्म्याखाली ठेवून दिला. सकाळी त्यावर सही होती. सहीच फक्त, शब्द नाही.

परीक्षेला ते आमच्याबरोबर आले, तेही न बोलता. लेखी झाल्यावर हेडमास्तरीणबाई एकेकीला आत बोलवून तोंडी विचारत होत्या. दार उघडंच होतं आणि आम्ही बाहेर बाकावर.

"घरी शिकलीस? इतिहासाला पुस्तक कुठलं होतं?" बाईंनी कन्नडमध्ये विचारलं.

"तीन होती," माझी मुलगी म्हणाली. "तिन्ही भांडतात. म्हणून आम्ही बघून लिहितो."

"काय काय पाहिलंस?"

मी पदर गच्च धरला. कातर म्हणाली तर अण्णा इथूनच उठून जातील, असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "किल्ला, वीरगळ, देवळातला शिलालेख. आणि आमच्या घरी एक वस्तू आहे, ती पाहिली. पण ती माझ्या अज्जांची आहे. त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही, म्हणून तो रकाना रिकामा ठेवलाय."

बाई हसल्या, "सरी" म्हणाल्या आणि पुढचीला बोलावलं. अण्णा समोरच्या भिंतीकडे बघत होते. परत येताना वाटेत त्यांनी नातीला एक बनपाव घेऊन दिला, मला नाही.

चार दिवसांनी निकाल लागला. दोघी पास, आणि इतिहासात शेजारणीच्या पोरीला आमच्या पोरीपेक्षा जास्त मार्क. गणवेशासाठी मी निळं आणि पांढरं कापड आणलं आणि शिंप्याकडे जायला चपला घालत होते.

"शिंप्याकडे कशाला?" मागून आवाज आला. सहा महिन्यांनी अण्णा माझ्याशी बोलले होते. "ते फळीवरचं काढ."

मी गाठोडं काढून दिलं. त्यांनी स्वतः गाठ सोडली. जमिनीवर पांढरं कापड अंथरलं, नातीच्या पाठीवर वीत टेकवून माप घेतलं, खडूने चार रेघा मारल्या. मग कातर उचलली. अंगठा कडीत गेला तो न बघता, आणि कातर एका दमात कापडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मला तो तेलाचा वास आठवला. इतकी वर्षं अण्णा गुपचूप तिला तेल देत आले होते.

"वडिलांची," अण्णा मान वर न करता म्हणाले. "चिकपेटेत शिवायला बसायचे. दहा वर्षांचा असल्यापासून मी काजं करायला शेजारी. कचेरीत लागलो तेव्हा साहेबाला सांगितलं, आम्ही लढवय्ये." पोलक्याचा गळा कापून झाला. "फौजेबरोबर आलो हे खोटं नाही. एवढ्या फौजेचे तंबू कोण शिवणार होतं?"

मुलगी उभीच होती, अंगावर कच्चं टाचलेलं पांढरं कापड घेऊन. तिने हळूच विचारलं, "अज्जा, वहीत लिहू?"

अण्णांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी त्या काढून तळहातावर घेतल्या.

"लिही," ते म्हणाले. "पण आधी सरळ उभी राहा. खांदा वाकडा येतोय."